एकशे दहा गॅलन

पावसाचा सातबारा कुणाच्या नावावर असतो
हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं,
कोलोरॅडोत, वाचनालयाच्या तळघरात,
एका शनिवारी सकाळी साडेनऊला.
अकरा घडीच्या खुर्च्या, थर्मासात पातळ कॉफी,
आणि नगरपालिकेच्या लॉरेटा झुपान
भिंतीवर एका घराचं चित्र पाडून सांगत होत्या:
पिंपं दोन. तिसरं नाही.
दोन्ही मिळून एकशे दहा गॅलन.
झाकण घट्ट, तोंडाला डासांची जाळी.
पाणी बागेला. प्यायला नाही, घरात नाही.
हा वर्ग पूर्ण केला, पावती जोडली,
की पिंपामागे चाळीस डॉलर परत.

देणं आणि अडवणं एकाच कागदावर!
मला वाटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.
हात वर केला.
म्हटलं, छप्पर माझं, त्याचं कर्ज माझं,
पन्हळसुद्धा मीच शिडीवर चढून बसवली,
मग उरलेलं पाणी कुणाचं?
त्या हसल्या नाहीत.
"खालच्यांचं," म्हणाल्या.
"ज्यांनी आधी मागितलं, त्यांचं."

म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला कुणीतरी
अठराशे सत्याऐंशीत पाट खणला,
कचेरीत तारीख नोंदवली,
आणि तेव्हापासून माझ्या घरावरचा ढग
त्याचं देणं लागतो.

माझे वडील पाटबंधारे खात्यात मोजणीदार.
आवर्तन, पाळी, टोकाचं पाणी,
हे शब्द आमच्या ताटात लोणच्यासारखे असायचे.
ते कायम टोकाच्या लोकांची बाजू घ्यायचे
म्हणून वरचे त्यांना पाण्यात पाहायचे.
आता मीच वरची झाले होते,
काहीही न करता,
नुसतं घर घेऊन.

घरी येऊन पाकिटाच्या मागे हिशेब मांडला.
छप्पर चौदाशे चौरस फूट.
इंचभर पाऊस म्हणजे आठशे सत्तर गॅलन.
माझा वाटा इंचाचा आठवा भाग:
पायऱ्या भिजेपर्यंत कोटा संपलेला.

अर्जात रकाना होता, पाण्याचा उपयोग.
मी लिहिलं: टोमॅटो, चार रोपं. मेथी.
मेथी म्हणजे काय हे लिहायला
जागा नव्हती.

जुलैच्या एकोणीसला, दुपारी, आला.
आधी धूळ, मग तापल्या डांबराचा वास, मग गारा.
नळकांडं घुमलं.
अकरा मिनिटांत दोन्ही पिंपं काठोकाठ,
आणि वरच्या तोटीतून पाणी निघालं
अंगण ओलांडून, फुटपाथवरून, गटाराच्या जाळीत,
नदीकडे,
कुणी नाव घेऊन हाक मारल्यासारखं.

आणि माझे हात
मला न विचारता आत गेले,
ओट्याखालून परात, मोठं पातेलं,
कुकरसुद्धा घेऊन बाहेर आले.
पागोळ्यांखाली ओळीने मांडली.
कायद्यात परातीचा उल्लेख नाही.

कुंपणापलीकडे पडवीत एलोय मोंड्रागॉन.
त्यांचा चुलतभाऊ खाली खरबुजं लावतो,
त्याच जुन्या पाटावर.
त्यांनी परातीकडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं.
मग टोपी जराशी डोळ्यांवर ओढली
आणि झोप लागल्यासारखे बसून राहिले.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही,
वडील म्हणायचे, तेही मोजूनमापून.
मी परात उचलली, तिरपी केली.
कुकर रिता केला.
पातेलं मात्र ठेवलं.
त्या रात्री त्या पाण्याने केस धुतले,
घरात, दार लावून, नियम मोडून.
किती दिवसांनी गुंता सुटला.

ऑगस्टात ऐंशी डॉलरचा चेक आला.
त्याच आठवड्यात एलोयनी
कुंपणावरून एक खरबूज पुढे केलं.
"खालून आलंय," एवढंच.

कापलं. मधोमध साखर होती,
देठाकडे पाणचट.

पाणचट फोड
मी आधी खाल्ली.